‘मी येतो’ म्हणणाऱ्या बायका

बेळगावच्या वडगावात, शहापुरात, खासबागेत किंवा तिकडे निपाणीच्या बाजूला शेजारणीकडून उठताना बाई म्हणते, ‘बरं, येतो की आक्का.’ घरी पोचल्यावर सासूनं विचारलं तर सांगते, ‘आत्ताच आलो.’ तिची शाळकरी मुलगी आतून ओरडते, ‘मी जेवलो, खेळायला जातो.’ पुण्या-मुंबईचा पाहुणा हे ऐकून थबकतो. त्याच्या मराठीत बाई ‘येते’, ‘आले’, ‘जेवले’ म्हणते; ‘येतो’ आणि ‘आलो’ हे पुरुषानं म्हणायचं. मग तो एक तर याला अशुद्ध मराठी म्हणतो, नाही तर इकडच्या बायका पुरुषांसारख्या धीट असं कौतुक करतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. भाषा आणि लिंगभाव यांचं नातं समजून घ्यायला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागासारखी जागा क्वचित मिळते. इथं मराठी आणि कन्नड या दोन भाषा एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच तोंडात नांदतात, आणि स्त्री-पुरुष हा भेद त्या दोघी निराळ्या तऱ्हेनं मांडतात. एका भाषेत वाढलेला माणूस ज्याला सृष्टीचा नियम समजतो, ते शेजारच्या भाषेत मुळी नसतंच, हे इथं रोज कानावर पडतं. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. व्याकरणातलं लिंग आणि समाजातलं लिंग यांची गल्लत आपण फार सहज करतो. बाईचं दुय्यमपण शोधायचं असेल तर क्रियापदाच्या शेवटापाशी थांबून भागणार नाही. तिला हाक कशी मारतात, तिचं नाव कसं लिहितात आणि तिचं काम कोणत्या शब्दानं मोजतात, तिथं ते सापडेल.

आधी ‘आलो’चंच पाहू. कन्नडमध्ये पुरुषाच्या ‘मी आलो’ला आणि बाईच्या ‘मी आले’ला ‘नानु बंदे’ असं एकच रूप आहे. बोलणारा कोण, बाई की पुरुष, हे क्रियापद सांगत नाही. तिसऱ्याविषयी बोलताना मात्र भेद येतो: तो आला म्हणजे ‘अवनु बंदनु’, ती आली म्हणजे ‘अवळु बंदळु’, ते आलं म्हणजे ‘अदु बंतु’. आता वडगावच्या बाईची मराठी याच्या शेजारी ठेवून पाहा. स्वतःबद्दल ती ‘आलो’ म्हणते, पण जावेबद्दल बोलताना ‘ती आली’ असंच म्हणते. तिचं व्याकरण ढिलं असतं तर तिथंही घोटाळा झाला असता. तो होत नाही. कन्नड जिथं भेद करते तिथं तीही करते, आणि कन्नड जिथं करत नाही तिथं तिनंही तो सोडून दिला आहे. कोल्हापुराकडंही हे रूप ऐकू येतं, त्यामुळे सगळं श्रेय कन्नडला देता येणार नाही. पण शेकडो वर्षांच्या शेजाराचा यात हात असावा, असं मानायला सबळ कारण आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांच्या बोलींचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केला होता. १९७१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध भाषासंपर्काच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. प्रत्येक भाषेचे शब्द तिचे तिच्यापाशी राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द बदलून दुसरीत नेता यावं, असं त्यांना आढळलं. लिंगाच्या बाबतीतही तिथली बोली कन्नडच्या वळणानं गेली होती: माणसांत बाई-पुरुष भेद राहिला, पण नदीसारख्या वस्तूला बाई ठरवण्याची सवय मोडत चालली होती.

यावर एक आक्षेप येतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. दोन रूपांतला भेद गळाला हे खरं, पण गेलं कोणतं आणि उरलं कोणतं? बाईचं ‘येते’ गेलं आणि पुरुषाचं ‘येतो’ उरलं. मग ही पुरुषी वर्चस्वाचीच खूण नाही का? या आक्षेपात तथ्य आहे. भाषेत दोहोंपैकी एक रूप सगळ्यांसाठी उरतं तेव्हा ते बहुधा पुरुषाचंच असतं, हा जगभरचा अनुभव आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एखादं रूप पुल्लिंगी ठरतं, ते त्याच्या समोर स्त्रीलिंगी रूप उभं असतं म्हणून. समोरचं रूपच नसेल तर पहिलं रूप कोणाच्याच मालकीचं राहत नाही. प्रमाण मराठीतच याचा दाखला आहे. ‘मी जाईन’, ‘तो जाईल’, ‘ती जाईल’: मराठीच्या भविष्यकाळाला लिंग नाही. हिंदी बोलणाऱ्या बाईला ‘जाऊँगी’ म्हणावं लागतं, मराठी बाईला लागत नाही, आणि ‘जाईन’ म्हणताना आपण पुरुषासारखं बोललो असं तिला वाटत नाही. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद भाकरीच्या मागून जातं. खाणारा कोण हे त्यातून कळत नाही. म्हणजे मराठी प्रत्येक वाक्यात बोलणाऱ्याचं लिंग विचारत नाही. काही ठिकाणी विचारते, काही ठिकाणी सोडून देते. वडगावच्या बाईनं ही सूट आणखी एका जागी नेली, एवढंच. तिच्या बोलीतलं ‘आलो’ हे पुरुषाकडून उसनं घेतलेलं रूप राहिलेलं नाही. ते ‘मी’चं रूप झालं आहे.

व्याकरणातलं लिंग समाजाचा आरसा असतं असं मानणाऱ्यांनी संस्कृतकडेही पाहावं. पत्नीसाठी तिथं तीन शब्द शेजारीशेजारी आहेत: ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ चक्क पुल्लिंगी, तेही बहुवचनात. शब्दाचं लिंग आणि देहाचं लिंग जुळत नाही, हा पेच पतंजलीच्या महाभाष्यात चर्चिलेला आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षं जुना आहे. मराठीत विळा-विळी, गाडा-गाडी, सुरा-सुरी, डबा-डबी अशा जोड्या आहेत. मोठं ते पुल्लिंगी आणि लहान ते स्त्रीलिंगी, असा नियम त्यांवरून काढला जातो, आणि या जोड्यांपुरता तो खरा आहे. पण त्यावरून मराठी माणूस बाईला लहान समजतो असा निष्कर्ष काढायचा, तर मग कन्नडचं काय? कन्नडमध्ये विळा, गाडी, सुरी, डबा सगळं एकाच नपुंसकलिंगात जातं. वस्तूंना बाई-पुरुष करणं तिला ठाऊकच नाही. तरी कन्नड घरातल्या बाईच्या वाट्याला आलेलं आयुष्य मराठी घरातल्या बाईपेक्षा मोकळं होतं, असं कोणी म्हणणार नाही. तेलुगूत एकट्या बाईसाठी आणि वस्तूसाठी क्रियापदाचं रूप एकच असतं. बंगालीत आणि तुर्कीत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही. भाषेचं व्याकरण समाज घडवत असतं, तर बंगाल आणि तुर्कस्तान कधीच समतेचे प्रदेश झाले असते. तसं झालं नाही. म्हणून मुळाचा शोध दुसरीकडे घ्यायला हवा, आणि सीमाभागात तो घेणं सोपं जातं. जे दोन्ही भाषांत सारखं आढळेल ते व्याकरणातून आलेलं नसणार. ते दोघींच्या समाजातून आलेलं असणार.

असं सारखं काय आढळतं? पहिलं म्हणजे हाक. नवरा बायकोला ‘अगं’ आणि ‘तू’ म्हणतो, बायको त्याला ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ म्हणते. अनेक घरांत मुलंही हीच वाटणी उचलतात: आई ‘तू’, वडील ‘तुम्ही’. आईला ‘तू’ म्हणण्यात जवळीक आहे हे खरं. पण जवळीक एकीच्याच वाट्याला आणि आदर एकाच्याच वाट्याला का जावा, हा प्रश्न उरतोच. नवऱ्याबद्दल बोलताना बाई ‘मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’ म्हणते. यंत्रमागावर मजुरीला जाणारी वडगावची बाई ज्याच्याकडून पगार घेते तोही मालक आणि ज्याला रात्री जेवायला वाढते तोही मालक. कन्नड घरात याच जागी ‘यजमानरु’ आहे. नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही हा दंडक तर दोन्हीकडे पूर्वापार. त्या दंडकातूनच मराठीत उखाणा आला आणि उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये ‘ओडपु’ आला. यमक जुळवून, दोन ओळींच्या आडोशानं, चारचौघींत नाव घ्यायचं. बायकांनी बंदीतून एक कला उभी केली, तिचं मोल मोठं आहे. पण व्याकरणानं इतक्या दूरच्या दोन भाषांत तीच बंदी आणि तीच पळवाट सापडते, यावरून बंदीचं मूळ भाषेत नसून घराच्या रचनेत आहे हे स्पष्ट होतं.

दुसरं म्हणजे नाव. लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यात अंगठीनं वधूचं नवं नाव लिहायची रीत अनेक मराठी घरांत आहे. वीस-पंचवीस वर्षं ज्या नावानं हाक मारली गेली ते नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही एका दिवसात बदलतात. मुलांच्या नावांबाबत मात्र महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमानं लिहायची. सीमेपलीकडच्या मराठी बाळाला मिळालेला हा हक्क वडगावच्या मराठी बाळाला नाही, कारण त्याचा दाखला कर्नाटकात निघतो. भाषा एक, पण नावाचे नियम दोन. नावासोबत बिरुदंही येतात. पुरुष जन्मभर ‘श्री.’ असतो. बाई आधी ‘कु.’, मग ‘सौ.’ आणि नवरा गेल्यावर ‘श्रीमती’ किंवा ‘गं. भा.’. लग्नपत्रिकेवरच्या या दोन अक्षरांत तिच्या नवऱ्याचं असणं-नसणं जाहीर होतं. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव सीमेपासून फार दूर नाही. तिथल्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असाच पुढाकार घ्यायला सांगितलं. पुढे २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला आणि त्याला स्त्री-संघटनांनी विरोध केला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की बरंच काही कळतं. हेरवाडनं शब्दाला हात न लावता रीत बदलली. दुसरीकडे रीत तशीच ठेवून शब्द तेवढा पवित्र करायचा विचार झाला. बायकांना फरक बरोबर कळला.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामाचे शब्द. मराठीत ‘ईण’ लागून पाटलीण, वाणीण, मास्तरीण असे शब्द होतात. मूळ अर्थ बहुधा ‘त्याची बायको’ एवढाच. पण कोळीण स्वतः मासळी विकते, आणि सुईणीला तर पुरुष जोडीदार शब्दच नाही, कारण ते काम फक्त तिचं. ‘मास्तरीण’ पूर्वी मास्तरांची बायको होती. मुली शिकून शाळेत शिकवू लागल्या तेव्हा तोच शब्द शिकवणाऱ्या बाईचा झाला. प्रत्यय तोच राहिला, अर्थ पालटला, कारण बाई फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. ‘शेतकरीण’ या शब्दाचा प्रवास मात्र अर्ध्यावर थांबलेला आहे. जमिनीच्या उताऱ्यावर तिचं नाव चढत नाही तोवर ती शेतकऱ्याची बायकोच राहते, मग लावणी, भांगलण आणि कापणी तिनं केलेली का असेना.

वडगाव-शहापूरच्या मागांवर हे आणखी जवळून दिसतं. हातमागावर धोटा फेकायला बसतो तो विणकर. पण धोटा फिरण्याआधी सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, ताण्याला खळ द्यायची, तुटलेले धागे सांधायचे, ही कामं घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं करतात. धोटा पुल्लिंगी आणि कांडी स्त्रीलिंगी, हा व्याकरणाचा भाग झाला. त्यात अन्याय शोधण्यात अर्थ नाही. अन्याय पुढे आहे. धोटा फेकणाऱ्याला ‘विणकर’ हे नाव आहे, कांडी भरणारीला नाव नाही. ती ‘घरात मदत करते’. २०१९-२० च्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार नोंदले गेले आणि त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया निघाल्या. त्या गणनेत ‘विणकर’ आणि ‘पूरक कामगार’ असे दोन्ही वर्ग मोजले होते. प्रश्न नीट विचारला तेव्हा उत्तरात बायका आल्या. तरीही ‘विणकर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अजून पुरुष येतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतही हेच घडलं. तंबाखू निवडणाऱ्या, चाळणाऱ्या बायका १९८० च्या सुमारास संघटित झाल्या आणि ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपटगटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. ‘तंबाखूला जाणाऱ्या बायका’ या ओळखीतून ‘कामगार’ या ओळखीत येणं ही त्यांच्यासाठी नुसती शब्दाची अदलाबदल नव्हती. कामगार म्हटलं की ठरलेले तास, किमान वेतन आणि सुट्टी मागता येते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगाराच्या व्याख्येत घेतलं. व्याख्येतल्या एका ओळीमुळे उंबऱ्याच्या आतलं काम काम ठरलं. भाषेची ताकद पाहायची असेल तर ती इथं पाहावी.

इथं कोणी म्हणेल, की मग शब्दांवर चर्चा कशाला, आधी जमीन, वेतन आणि शिक्षण द्या, शब्द आपोआप येतील. मास्तरीण या शब्दाचा प्रवास पाहता या म्हणण्याला आधार आहे. पण विडी कामगारांचं उदाहरण उलटं सांगतं: व्याख्या आधी आली, म्हणून हक्क मागता आला. कधी रीत पुढे जाते, कधी शब्द. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं तेव्हा त्यांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती. बायकांना लावली जाणारी दूषणं त्यांनी एकेक करून उचलली आणि ती पुरुषांनाच कशी लागू पडतात ते दाखवलं. ते पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेलं होतं, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं. योगायोग असा, की रॉबिन लेकॉफ यांचं स्त्रियांच्या भाषेवरचं गाजलेलं पुस्तक अमेरिकेत त्याच वर्षी आलं. बाईला बोलायला कसं शिकवलं जातं आणि तिच्याबद्दल कसं बोललं जातं, हे दोन प्रश्न लेकॉफ यांनी तिथं विचारले. दुसऱ्या प्रश्नाला ताराबाईंनी जवळजवळ शंभर वर्षं आधी हात घातला होता.

आणखी एक आक्षेप सीमाभागातच ऐकू येतो आणि तो कळकळीनं घेतला जातो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इथली मराठी आपल्या जागेसाठी झगडते आहे. फलकापासून शाळेपर्यंत प्रत्येक अक्षर मिळवावं लागतं. अशा वेळी भाषेतले दोष उकरून घरात फूट कशाला पाडायची? या भावनेचा आदर ठेवूनच सांगायला हवं, की भाषा टिकते ती सभांपेक्षा घरात जास्त. पोराला पहिली मराठी ज्या तोंडातून मिळते ते तोंड बाईचं असतं. म्हणूनच आपण तिला मायबोली म्हणतो. त्या बाईचीच बोली शाळेत चुकीची ठरली, तिचं काम नोंदीत आलं नाही, तिचं नाव पुसलं गेलं, तर मायबोलीचा अभिमान तिनं कोणत्या भांडवलावर बाळगायचा? शिवाय या घरांत कन्नड माहेराहून आलेल्या सुना आहेत, दोन्ही भाषांत अंगाई म्हणणाऱ्या आज्या आहेत. दोन भाषा सांभाळून मराठी टिकवण्याचं काम त्यांनी फार दिवस केलं आहे. त्यांचं ऐकणं म्हणजे मराठीचं बळ वाढवणंच आहे.

म्हणून वाचकाला, आणि विशेषतः शाळेतल्या शिक्षकांना, एक विनंती. मुलीच्या वहीत ‘मी शाळेतून आलो’ असं वाक्य दिसेल तेव्हा तिला प्रमाण भाषेतलं ‘आले’ जरूर शिकवावं. परीक्षेला आणि पुढच्या आयुष्यालाही ते लागेल. पण लाल शाईची फुली मारून ‘मुलासारखं लिहू नको’ असं म्हणू नये. ती मुलासारखं लिहीत नाही, आपल्या आईसारखं लिहिते. आणि शाळेच्या अर्जात ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘काही नाही’ किंवा ‘घरकाम’ असं लिहून आलं, तर लेखणी तिथं थांबवावी आणि त्या मुलीला विचारावं, की तुझी आई दिवसाला किती कांड्या भरते. ती आकडा सांगेल. तोच त्या रकान्यात लिहावा.

वडगाव, बेळगाव